बोटींचा ठावठिकाणा आणि ऐकण्याची विद्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात गुंजवणे येथे दिलेले व्याख्यान)



 विषयाचे नाव जाहीर झाले तेव्हा आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. राजगडाच्या पायथ्याशी, डोंगरांनी वेढलेल्या ह्या गुंजण मावळात बसून समुद्रावरील बोटींच्या गोष्टी कशासाठी? नाचणी-वरईचे, भाताचे, गुराढोरांचे किंवा मुलांच्या शिक्षणाचे बोलावे, हे अधिक उचित नव्हे काय? ही शंका रास्त आहे. म्हणून तिचे उत्तर आधी देतो.

पहिले उत्तर इतिहासाचे आहे. आपल्या डोक्यावर उभा असलेला राजगड सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. म्हणजे तेव्हा राजधानी ह्याच डोंगरावर होती. ज्या माणसाने आयुष्य सह्याद्रीच्या कड्याकपारींत काढले, त्यानेच समुद्राकडे डोळे लावून आरमार उभारले. डोंगरातल्या माणसाला दर्याचे काय, हा प्रश्न राजगडाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे.

दुसरे उत्तर घराघरांतले आहे. ह्या खोऱ्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आली. कोणी गिरणीत राहिले, कोणी गोदीत, कोणी हमालीत. त्यांची मुले शिकली आणि नातवंडे तर दूरदेशी निघाली. आज मावळात आणि घाटाखाली अशी घरे आहेत, की ज्यांचा मुलगा व्यापारी बोटीवर खलाशी किंवा अधिकारी आहे. मुलगा एकदा बोटीवर चढला की कित्येक महिने तो घरी दिसत नाही. मधूनच त्याचा फोन येतो, मधूनच आठवडा आठवडा येत नाही. अशा वेळी देवापुढे दिवा लावताना आईच्या मनात एकच प्रश्न असतो : माझा लेक आज कोठल्या पाण्यावर असेल? हा प्रश्न पूर्वी केवळ देवालाच विचारता येई. सांप्रत त्याचे पुष्कळसे उत्तर विज्ञान देऊ शकते, आणि तेही सामान्य माणसाला परवडेल अशा साधनाने. तथापि ते उत्तर कसे मिळते व कोठे अपुरे पडते, हे ठाऊक नसेल तर त्याच साधनाने मनाचा घोर दुप्पट होतो. म्हणून हे व्याख्यान.

समुद्रावरील दोन शोकान्तिका

बोट संकटात सापडली असता तिचा जीव दोन गोष्टींवर अवलंबून असतो. तिला हाक मारता आली पाहिजे, आणि ती हाक ऐकणारा जागा असला पाहिजे. ह्यांपैकी एक उणे पडले तर काय होते, ह्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले आपल्याच किनाऱ्यावरचे आहे. १७ जुलै १९४७, दीप अमावास्येचा दिवस. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही बोट सकाळी रेवसकडे निघाली. सणासाठी गावी जाणाऱ्या उतारूंनी ती भरून गेली होती. बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात वादळी वाऱ्याने आणि लाटांनी ती कलंडली व सहाशेहून अधिक माणसे समुद्रात गेली. ह्या घटनेतील सर्वांत जिव्हारी लागणारी बाब अशी, की मुंबई तेथून अवघ्या काही मैलांवर असताना शहराला तिचा पत्ता नव्हता. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेली माणसे जेव्हा पोहत, तरंगत किनाऱ्याला लागली, तेव्हा दुपार उलटून गेल्यावर बातमी फुटली. धक्क्यावर आप्तांची रीघ लागली ती त्यानंतर. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि कुलाबा जिल्ह्यातील गावेच्या गावे सुतकात बुडाली. हाक मारण्याचे साधन नसले म्हणजे काय होते, ते हे.

दुसरे उदाहरण जगप्रसिद्ध ‘टायटॅनिक’ बोटीचे. १९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्री ती हिमनगावर आदळली. तिच्यावर बिनतारी यंत्र होते. तिने हाक मारली, पुन्हापुन्हा मारली. ‘कॅलिफोर्नियन’ नावाची दुसरी बोट काही मैलांच्या अंतरावर थांबलेली होती. परंतु तिच्यावरील एकुलता एक बिनतारी कर्मचारी दिवसभराच्या कामानंतर यंत्र बंद करून नुकताच झोपला होता. हाक ऐकली ती कितीतरी दूर असलेल्या ‘कार्पेथिया’ने, तिने येऊन सातशेहून अधिक जीव वाचविले, परंतु तोवर दीड हजार गेले होते. येथे हाक होती, पण जवळचा कान मिटलेला होता. ह्या आपत्तीनंतर सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि बोटींवर बिनतारीची अखंड जागल ठेवण्याचा दंडक पडला.

बोट स्वतःच बोलू लागली

माणूस झोपतो, घाबरतो, विसरतो. मग बोटीने स्वतःच, न विसरता, आपले नाव-गाव सांगत राहावे, अशी योजना का करू नये? ह्या विचारातून जी व्यवस्था निघाली तिचे नाव ‘ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टीम’, अर्थात् स्वयंचलित ओळख पद्धती. तिला संक्षेपाने ए. आय. एस. म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासास निघणाऱ्या तीनशे टनांवरील बोटींना आणि उतारूंच्या बोटींना ती सक्तीची झाली असून, २००४ साल संपेपर्यंत ही सक्ती टप्प्याटप्प्याने पूर्ण करण्यात आली.

दर्यावर फिरणाऱ्याने आपली ओळख सांगितली पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पोर्तुगीज आपला परवाना घेतल्यावाचून गलबताला फिरू देत नसत. पुढे कान्होजी आंग्र्यांनीही ह्या किनाऱ्यावर आपले दस्तक चालू केले. फरक इतकाच, की ते दस्तक कागदाचे होते आणि बोट अडवून पाहावे लागे. हे नवे दस्तक हवेतून फिरते आणि कोणालाही वाचता येते.

ह्या यंत्राचा व्यवहार असा आहे. बोटीवरचा प्रक्षेपक १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ ह्या दोन लहरींवर आळीपाळीने लहान लहान संदेश सोडतो. मोठ्या बोटीची शक्ती साडेबारा वॅट, म्हणजे घरातल्या एका लहानशा दिव्याएवढी. बोट चालती असली तर तिच्या वेगानुसार दर दोन ते दहा सेकंदांनी, आणि नांगरलेली असली तर दर तीन मिनिटांनी ती सांगते : माझा क्रमांक अमुक, अक्षांश-रेखांश तमुक, वेग इतका, दिशा ही. दर सहा मिनिटांनी ती आपले नाव, लांबी-रुंदी, पाण्याखालील खोली आणि कोणत्या बंदरी चालली तेही कळविते. नऊ अंकी क्रमांकाच्या आरंभीचे तीन अंक देश दाखवितात. भारताचे अंक ४१९. दुसरा एक सात अंकी क्रमांक बोटीला जन्मतः मिळतो. बोट विकली, नाव बदलले, निशाण बदलले, तरी तो सात अंकी क्रमांक बदलत नाही. घरच्या माणसांनी मुलाच्या बोटीच्या नावापेक्षा हा क्रमांक लिहून ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आता कोणी विचारील, मुंबईसारख्या बंदराबाहेर शेकडो बोटी एकाच वेळी बोलू लागल्या तर गोंगाट होणार नाही काय? ह्याचे उत्तर शेतकऱ्याला चटकन समजेल. पाटाचे पाणी सर्वांना हवे असते. म्हणून आपण पाळी लावतो. तसेच येथे प्रत्येक लहरीवर एका मिनिटाचे २,२५० भाग पाडलेले आहेत. प्रत्येक बोट आपला भाग वापरते आणि त्याच वेळी पुढच्या खेपेस आपण कोणता भाग घेणार हेही जाहीर करते. ते ऐकून इतर बोटी तो भाग सोडून देतात. ह्या पाळीला पाटकरी नाही. सर्वांनी परस्परांचे ऐकावयाचे, एवढाच नियम. ह्या युक्तीमागे स्वीडनचे संशोधक हाकन लान्स ह्यांचे नाव घेतले जाते. परस्परांचे ऐकले तर पाटकऱ्यावाचूनही पाळी सुरळीत चालते, हा धडा समुद्रापुरताच आहे असे नव्हे!

ऐकण्याचे स्वस्त साधन

हे संदेश गुप्त लिपीत नसतात. अपघात टाळण्यासाठी ते सर्वांनी ऐकावेत, हाच त्यांचा हेतू. मात्र ते ऐकण्याचे यंत्र पूर्वी महाग असे आणि बंदरांत किंवा बोटींवरच आढळे. २०१२ च्या सुमारास ह्यात मोठा पालट झाला, आणि तो कोणा मोठ्या कारखान्याने नव्हे, तर हौशी मंडळींनी घडवून आणला.

जुना रेडिओ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात वेटोळी, कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह असत. त्या सुट्या भागांची जी जुळणी, तेच त्याचे काम. आकाशवाणीसाठी बांधलेला रेडिओ बोटीचा संदेश उलगडू शकत नसे. नव्या पद्धतीत यंत्राने फक्त एकच काम करावयाचे : हवेतून आलेल्या लहरीची उंची सेकंदाला लाखो वेळा मोजून तिचे आकडे करावयाचे. पुढचे सारे काम संगणक गणिताने करतो. गणिताची आज्ञावली बदलली की तेच यंत्र कधी आकाशवाणी ऐकते, कधी विमान, कधी बोट. म्हणून ह्यास इंग्रजीत ‘सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ’ म्हणतात; आपण त्याला आज्ञावलीचा रेडिओ म्हणू. एकच भांडे, त्यात भात शिजवा की आमटी, ते आपल्या पाककृतीवर.

युरोपात संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी अंगठ्याएवढे एक यंत्र विकत मिळे. त्यात ‘रिअलटेक’ कंपनीची आर. टी. एल. २८३२ यू ही चकती असे. ही चकती लहरीचे कच्चे आकडेही बाहेर देऊ शकते, असे काही अभ्यासूंच्या ध्यानात आले. त्यांनी आज्ञावल्या लिहिल्या आणि त्या सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. त्यामुळे चित्रपट पाहण्याचे खेळणे प्रयोगशाळेतील उपकरणाच्या तोडीस आले. आज असे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. बोटीचे संदेश उलगडण्यासाठी ‘आर. टी. एल.-ए. आय. एस.’ किंवा ‘ए. आय. एस.-कॅचर’ आणि सागरी नकाशावर त्या बोटी मांडण्यासाठी ‘ओपन सी. पी. एन.’ ह्या आज्ञावल्या मिळतात.

ह्या आज्ञावल्यांना ‘मुक्त’ म्हणतात. मुक्त ह्याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. ती आज्ञावली हव्या त्या कामी वापरावी, तिचे अंतरंग वाचून अभ्यासावे, तिच्यात सुधारणा करावी आणि मूळ वा सुधारलेली प्रत दुसऱ्याला द्यावी, ह्या चार गोष्टींची मुभा म्हणजे मुक्तता. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये ह्या चळवळीची घोषणा केली. दिल्याने वाढते ती विद्या, असे आपण शाळेच्या भिंतीवर लिहीत आलो. ह्या मंडळींनी ते आचरणात आणून दाखविले. ह्याचे महत्त्व आणखी एका गोष्टीने कळते. ‘मरीन ट्रॅफिक’ हा जगभरच्या बोटींचा नकाशा २००७ मध्ये ग्रीसमधील एका विद्यापीठाच्या अभ्यासातून निघाला आणि असंख्य हौशी माणसांनी किनाऱ्याकिनाऱ्यांवर यंत्रे बसवून त्याला माहिती पुरविली. पुढे तो मोठा व्यवसाय झाला, आणि २०२३ मध्ये एका व्यापारी कंपनीच्या हाती गेला. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्या घरी स्वतःचे मुक्त साधन आहे, त्याला दुसऱ्याच्या दुकानाच्या वेळा पाहाव्या लागत नाहीत.

थोडे गणित

ह्या लहरी दृष्टीप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून पृथ्वीचा गोलावा आणि डोंगर त्यांना आडवे येतात. अंतर काढण्याची रीत सातवीच्या मुलालाही जमेल. ऐकणाऱ्याच्या आकाशकाठीची, म्हणजे एरियलची, उंची मीटरांत घ्यावी व तिचे वर्गमूळ काढावे. बोटीच्या एरियलच्या उंचीचेही काढावे. दोहोंची बेरीज करून ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर किलोमीटरांत. समजा, अलिबागेस एका इमारतीच्या गच्चीवर १६ मीटर उंचीवर आपली काठी आहे आणि बोटीची २५ मीटरांवर. वर्गमुळे ४ आणि ५, बेरीज ९, गुणाकार सुमारे ३७. म्हणजे किनाऱ्यापासून जवळजवळ ३७ किलोमीटरपर्यंतच्या बोटी आपले नाव सांगू लागतील. काठी बनविणेही अवघड नाही. ३०० ला १६२ ने भागले की लहरीची लांबी १ मीटर ८५ सेंटीमीटर येते. तिचा चौथा हिस्सा सुमारे ४६ सेंटीमीटर. तेवढ्या लांबीच्या दोन धातूच्या सळ्या एका रेषेत उभ्या करून मधोमध तार जोडली की आरंभापुरते काम भागते.

मग गुंजवण्यातून ऐकू येईल काय? येथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे पाऊणशे किलोमीटर. परंतु गावाच्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्रीची रांग उभी आहे. ती ह्या लहरींना भिंतीसारखी आडवी येते. राजगडाचा माथा समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरांहून उंच. त्याचे वर्गमूळ सुमारे ३७, आणि नुसत्या गणिताने क्षितिज दीडशे किलोमीटरांवर जाते. तरीसुद्धा पश्चिमेची दिशा जेथे उंच शिखराने अडली असेल तेथे गणित थिटे पडते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण लहरींना ते जवळूनही साजरे नाहीत! म्हणून समुद्र ऐकावयाचा तर किनाऱ्यावरच्या आप्तांची गच्ची हवी. येथे गावात मात्र डोक्यावरून जाणारी विमाने ऐकता येतात. त्यांचेही असेच संदेश १०९० मेगाहर्ट्‌झवर असतात आणि हेच यंत्र ते उलगडते. न बोलता ऐकत राहण्याची परंपरा तर आपल्या पुणे जिल्ह्यात आहेच. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अंतराळातील रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली ती दुर्बीण उभी राहिली.

जो बोलत नाही, त्याचे काय?

आता विषयाच्या गाभ्याकडे येतो. ह्या साधनाची थोरवी सांगितली. त्याची मर्यादा न सांगणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय.

२०११ च्या जून महिन्याअखेर ‘पवित’ नावाची सुमारे हजार टनांची बोट ओमानजवळ खवळलेल्या समुद्रात निकामी झाली. खलाशांना वाचविण्यात आले आणि बोट सोडून देण्यात आली. ती बुडाली असेल असा समज झाला. पण ती बुडाली नाही. एकही माणूस नसलेली ती बोट पावसाळी वाऱ्याबरोबर महिनाभर अरबी समुद्रावर वाहत राहिली आणि ३१ जुलै रोजी थेट मुंबईच्या जुहूच्या वाळूत येऊन रुतली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. एवढी बोट येऊन लागेपर्यंत कोणाच्या लक्षात कशी आली नाही, ह्याची देशभर चर्चा झाली. ह्यातील शास्त्रीय मर्म असे, की वीज नसलेली बोट बोलत नाही आणि न बोलणारी बोट ह्या पद्धतीला ऐकू येत नाही.

पुढे २०१२ मध्ये देशाच्या किनाऱ्यावरील ७४ दीपगृहांवर बोटींचे संदेश ऐकणारी यंत्रे बसवून त्यांचे राष्ट्रीय जाळे कार्यान्वित झाले. ‘रिसोर्ससॅट-२’ ह्या भारतीय उपग्रहानेही २०११ मध्ये असे ऐकण्याचे यंत्र अंतराळात नेले होते. मोठ्या मासेमारी नौकांना ओळखयंत्रे आली. लहान नौकांसाठी इस्रोने बनविलेल्या, उपग्रहामार्फत निरोप देणाऱ्या एक लाख यंत्रांच्या योजनेचा आरंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच पालघरात झाला. ‘रामदास’वर जे नव्हते, ते कोळ्याच्या होडीवर येण्याचे दिवस आले, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि मौनाचे अर्थ अनेक असतात. बोट किनाऱ्यापासून दूर गेली की किनाऱ्यावरच्या यंत्राला ती ऐकू येत नाही. ती भर समुद्रात सुखरूप चाललेली असते. चाचे किंवा युद्ध ह्यांचे भय असेल तेथे यंत्र बंद ठेवण्याची मुभा कप्तानाला असते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक बोटींनी असे मौन पत्करले. बोटीचे ठिकाण उपग्रहाच्या खुणांवरून ठरते. त्या खुणा मुद्दाम बिघडविल्या तर बोट नकाशावर भलत्याच ठिकाणी, क्वचित भर जमिनीवरही दिसते! गंतव्य बंदराचे नाव तर माणूस हाताने लिहितो. तो ते बदलावयाचे राहून गेला तर पोहोचलेली बोटही वाटेतच दिसत राहील.

म्हणून ज्या माउलीचा मुलगा बोटीवर आहे, तिला आम्ही कळकळीने सांगतो : नकाशावरची खूण नाहीशी झाली म्हणजे बोट नाहीशी झाली, असे नव्हे. खूण दिसली की आनंद मानावा. न दिसली तर धीर धरावा. शंका फारच बळावली, तर बोटीच्या कंपनीकडे आणि मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे चौकशी करावी. समुद्रावर प्रत्यक्ष संकट दिसले, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लक्षात ठेवावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही अर्धवट चित्र पाहून त्या घरी जाऊन काहीबाही सांगू नये. ऐकीव गोष्टीने माणूस जितका खचतो, तितका खऱ्या संकटानेही खचत नाही.

ह्याच्या उलट, कान जागा असला म्हणजे काय साधते, तेही पाहा. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ ह्या बोटीची वीज गेली आणि ती पुलाच्या खांबाकडे सरकू लागली. तिच्यावरचे जवळजवळ सर्व खलाशी भारतीय होते. बोटीवरून संकटाची हाक गेली, ती ऐकली गेली आणि काही क्षणांत पुलावरची वाहतूक अडविण्यात आली. पुलावर काम करणारे सहा मजूर दुर्दैवाने गेले. परंतु त्या हाकेने किती मोटारी थांबल्या आणि किती घरे वाचली, ह्याची कल्पना करावी. बोटीचा सारा मार्ग तिच्या ओळखसंदेशांतून नोंदला गेला असल्यामुळे काय घडले हेही जगाला लवकर उमगले. ‘टायटॅनिक’च्या रात्री जो कान मिटला होता, तो येथे उघडा होता.

मर्यादा आणि कर्तव्य

ऐकणाऱ्याला काही पथ्ये पाळावी लागतात. वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की पूर्वी रेडिओ घेतला म्हणजे पोस्टात परवाना काढावा लागे. तो परवाना गेला. पण बिनतारी यंत्रे बाळगण्याचे नियम गेलेले नाहीत. त्यासाठी १९३३ चा कायदा होता आणि २०२३ साली नवा दूरसंचार अधिनियम संमत झाला. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी कोणती परवानगी लागते, ह्याची चौकशी दूरसंचार खात्याकडे करावी. मुलांना हौशी बिनतारीची सरकारी परीक्षा द्यावयास लावावी, हे तर सर्वांत उत्तम. दुसरे पथ्य असे, की आपले यंत्र केवळ ऐकणारे असावे; हवेत काहीही सोडू नये. तिसरे, धोक्याच्या पाण्यातून जाणाऱ्या बोटीचा ठावठिकाणा चव्हाट्यावर मांडू नये. जी माहिती आईच्या मनाला शांती देते, तीच चाच्याच्या हाती पडली तर घात करते.

मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, ज्या घरांतील मुले बोटींवर आहेत, त्यांनी बोटीचा सात अंकी क्रमांक, कंपनीचा पत्ता व संपर्क एका कागदावर लिहून घरच्यांपाशी द्यावा. मंडळाच्या चिटणिसांनी त्यांना तशी आठवण करावी. दुसरी, दिवाळीच्या सुटीत चार-सहा विद्यार्थ्यांना परवानगीची पूर्तता करून किनाऱ्यावरील आप्तांकडे पाठवावे. त्यांनी स्वतः काठी बनवावी, बोटी ऐकाव्यात आणि वेळ, क्रमांक, वेग, दिशा ह्यांची नोंदवही ठेवावी. भूगोल, गणित आणि इंग्रजी हे तिन्ही विषय त्या एका वहीत शिकून होतील. तिसरी सूचना, ह्या आज्ञावल्यांची माहिती सोप्या मराठीत लिहून ती पुढच्या स्मरणिकेत छापावी. कारण मुक्त असलेली विद्या परक्या भाषेत राहिली, तर आपल्या मुलांच्या दृष्टीने ती कुलपातच राहिली म्हणावयाची.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजाला बोलण्याची हौस पुष्कळ आहे. सभा, भाषणे, ठराव ह्यांना तोटा नाही. आम्हीही आताच इतका वेळ बोललो! परंतु ‘रामदास’च्या उतारूंना कोणी ऐकले नाही, ‘टायटॅनिक’जवळचा कान झोपला होता, आणि ‘पवित’ न बोलता दारात येऊन उभी राहिली. ह्या तिन्ही कथांचे सार एकच आहे : जगात हाका पुष्कळ आहेत, जागे कान थोडे आहेत. आपल्यातही न बोलणारी माणसे असतात. वृद्ध असतात, विधवा असतात, नोकरी गेलेली तरुण मुले असतात. त्यांचे मौन म्हणजे सारे क्षेम असे समजून आपण स्वस्थ बसू नये. समुद्रावरच्या बोटी ऐकण्याची विद्या मुलांनी अवश्य शिकावी. आणि ती शिकताना शेजारच्या घरातील मौनही ऐकण्याची सवय आपणां सर्वांना लागो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतो.